तायडेचा पांढरा

सुधाकर तायडे या माणसावर मी तीस वर्षं जळलो. एवढं सातत्य मी दुसऱ्या कुठल्याही कामात दाखवलेलं नाही. धंद्यात नाही, संसारात नाही, सकाळी फिरायला जाण्यात तर नाहीच नाही. त्याच्या नावानं माझ्या छातीत जो जाळ पेटायचा, त्यावर शेगावच्या सगळ्या कचोऱ्या तळून वर मिरचीभज्यांचे दोन घाणे निघाले असते. आणि ज्याच्यासाठी एवढं सरपण जाळलं, त्या माणसाला कधी साधी धग लागली नाही. तो समोरच्या दुकानातून हात हलवायचा आणि म्हणायचा, "गजाभाऊ, चहा सांगून राह्यलो, ये." मी जायचो. फुकटचा चहा पिता पिता जळता येतं, हे मी अनुभवानं सांगतो.

जळगाव जामोदच्या बसस्टँडवरून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला माझा फोटो स्टुडिओ आणि त्याच्या बरोबर समोर तायडेचं कृषी केंद्र. म्हणजे रंगाचा धंदा माझा. त्याचा धंदा बियाणं, खतं आणि फवारणीचा. एखादा फोटोग्राफर माझ्या पुढे गेला असता तर मी चार दिवस जेवलो नसतो आणि पाचव्या दिवशी विसरलो असतो. पण हा माणूस सकाळभर युरियाची पोती मोजायचा, दुपारी शटर अर्धं ओढून घरी जायचा, आणि स्वतःच्या हातानं कालवलेल्या औषधात कलर फिल्म धुवायचा. आणि त्याचे रंग माझ्यापेक्षा चांगले यायचे. हे म्हणजे पंचानं कुस्ती मारून नेण्यासारखं झालं.

सुरुवात, दुर्दैवानं, माझ्यामुळंच झाली. तायडेच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. त्यांचं लग्न बौद्ध पद्धतीचं. नवरीची साडी पांढरी, नवरदेव पांढऱ्यात, पाहुणे पांढऱ्यात. तेव्हा आम्ही सगळे रोल बाहेरगावच्या लॅबमध्ये धुवायला पाठवायचो आणि जे येईल ते गिऱ्हाइकाला द्यायचो. या वेळी जे आलं त्यात नवरी शेवाळावर लोळून आल्यासारखी दिसत होती. मी अल्बम बांधला, वर मोर चिकटवला आणि दिला.

दुसऱ्या दिवशी तायडे दुकानात आला. एका हातात अल्बम, दुसऱ्या काखेत बहिणीची साडी, घडी घातलेली. त्यानं काउंटरवर अल्बम उघडला आणि साडी त्या फोटोशेजारी ठेवली.

"गजाभाऊ, ही साडी म्हणजे हे नाही."

"फोटोत पांढरा असाच येते, तायडे."

"काऊन?"

"असाच येते म्हणजे असाच येते."

तो साडीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं सगळ्याच लग्नायत पांढरं असते. मंग आमचे सगळेच लग्नं हिरवे निंघतीन काय बे?"

मी हसलो. तो हसला नाही. साडी काखेत मारून गेला, आणि त्यानंतर त्यानं माझ्याकडे एकही रोल दिला नाही. स्वतःचा कॅमेरा घेतला, कुठून कुठून पुस्तकं मागवली, कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या मास्तरांना भंडावून सोडलं, आणि घरात औषध कालवायला बसला.

कलर फिल्म धुणं म्हणजे तीन औषधांचा खेळ. पहिलं चित्र उमटवतं आणि रंग आणतं. दुसरं फिल्ममधली काळी चांदी खातं. तिसरं उरलेलं साफ करून चित्र पक्कं करतं. ही तिन्ही औषधं तयार बाटल्यांतून मिळतात. मी तशीच घ्यायचो आणि अजून घेतो. पुठ्ठ्याचा देखणा डबा, आत कागद, कागदावर चित्रं. तायडेनं मात्र पहिल्या औषधातली मुख्य भुकटी तेवढी मुंबईहून मागवली, कारण ती इकडे कोणी बनवत नाही. बाकी सगळं त्यानं गावातून गोळा केलं. चांदी खाणाऱ्या औषधाला लोहाची एक भुकटी लागते. ती त्याच्याच दुकानात होती. सोनाळ्याकडची संत्र्याची झाडं पिवळी पडली की शेतकरी तीच नेतात. एकाच पोत्यातली भुकटी अर्धी संत्र्याला आणि अर्धी फिल्मला. मी तर म्हणतो, त्यामुळंच त्याच्या फोटोतली संत्री खाल्ल्यासारखी वाटायची. एका लग्नाच्या फोटोतल्या संत्र्यावर मी स्वतः माशी बसलेली पाहिली आहे. ती माशी फोटोत नव्हती, फोटोवर होती.

त्याचं कालवणं मी पुष्कळदा पाहिलं. शिकायला जायचो असं कोणी समजू नये. चुका शोधायला जायचो. त्याच्या घरी ओट्याच्या अलीकडे जमिनीवर खडूची रेघ होती. ती त्याच्या बायकोनं, रेखावहिनींनी, मारलेली. रेघेच्या पलीकडे स्वयंपाक, अलीकडे तायडे. रेघ पुसत आली की वहिनी नवी मारायच्या, आणि दर वेळी ती बोटभर अलीकडे सरकायची. शेवटी शेवटी तायडे मोरीत बसून औषध कालवायचा.

"भाऊजी, तुम्हीच सांगा यायले," वहिनी मला म्हणायच्या. "मी पापडं विकत आणून राह्यली, कुरड्या विकत आणून राह्यली, आन् हे औषध घरी लाटून राह्यले."

"तुह्या पापडापेक्षा लवकर वाळते माझं," तो आतून म्हणायचा.

त्याचा नियम एकच होता. "चव सोडून सगळं करा." वास घ्यायचा, बोटांत चोळून पाहायचं, उजेडात धरायचं, पण तोंडात काही घालायचं नाही. औषध कालवताना तो चहासुद्धा प्यायचा नाही. एकदा मी शेंगदाणे खात आत गेलो तर त्यानं मला अंगणात उभं करून चूळ भरायला लावली, दोनदा, आणि माझ्या खिशातले उरलेले शेंगदाणे शेळीला दिले. ती शेळी नंतर बरेच दिवस कॅमेरा दिसला की मान वर करायची.

दुसरी त्याची पाळत हवेवर. "हवा खाते बे याले," असं तो एखाद्या लेकराला दृष्ट लागल्यासारखं सांगायचा. अर्धी भरलेली बाटली हवेनं खराब होते हे खरं आहे. विकतच्या औषधाचंही तेच होतं, पण आम्ही ते नशिबावर सोडतो. तायडे बाटलीत काचेच्या गोट्या टाकायचा. एकेक गोटी टाकली की औषध वर चढायचं, आणि तोंडाशी आलं की बूच लावायचं. आता एवढ्या गोट्या येणार कुठून? गल्लीतल्या पोरांच्या गोट्या हरवायला लागल्या. पोरांना ठाऊक होतं त्या कुठे जातात. संध्याकाळी त्याच्या ओट्यासमोर उभी राहून ती विचारायची, "काका, तो हिरवा ढप्पर गोटा रिकामा झाला काय?" आणि तो आतून ओरडायचा, "दोन रोल राह्यले अजून." औषध संपलं की गोट्या धुऊन, पुसून परत. माझ्या दुकानात पोरं फक्त पासपोर्ट फोटोला यायची, तेही रडत. याचासुद्धा मला राग.

औषधानं त्याची नखं तपकिरी-जांभळी पडलेली असायची. एका मतदानाला टेबलामागच्या माणसानं त्याचं बोट पाहिलं आणि सांगितलं, तुम्ही मत देऊन गेलात. तायडे म्हणाला, कोणत्या बोटावर आहे सांगा. माणसानं पाहिलं तर दहाही बोटांवर. म्हणजे हा गृहस्थ दहा वेळा मत देऊन अकराव्यांदा आला होता. मग तायडेनं तिथंच सुरू केलं, की शाईतली चांदी कशी काळी पडते आणि फिल्ममधली कशी पडते, आणि दोन्हीचा रंग वेगळा कसा. रांग तुंबली. मागच्या म्हाताऱ्या खाली बसल्या. त्यांतल्या एकीनं पुढं येऊन त्याचा हात धरला आणि सांगितलं, "साहेब, हा पहिल्यापासून असाच आहे, याले घ्या आत." तो मत देऊन बाहेर आला आणि मला म्हणाला, "त्यायची शाई चांगली आहे, पण लई घट्ट कालवली." रांगेतली माणसं महिनाभर त्याचीच गोष्ट सांगत होती. त्याच रांगेत, त्याच्या पुढे, मी नवीन जाकीट घालून उभा होतो. ते कोणाला आठवत नाही.

पहिल्या औषधाला अडतीस अंशांची ऊब लागते. जगात सगळीकडे लोक ते गरम करतात. आमच्याकडे उन्हाळ्यात निववावं लागतं. मे महिन्यात टाकीचा नळ सोडला तर त्यावर अंडं उकडतं. मी उकडलंय, फक्त सोलताना हात भाजला. तायडे बाटल्या माठाच्या गळ्याभोवती ओल्या फडक्यात बांधून ठेवायचा, आणि कोपर बुडवून पाहायचा, बाळाच्या आंघोळीचं पाणी पाहावं तसं. "थांब, अजून तापट आहे," म्हणायचा. औषधाबद्दल बोलतोय की माझ्याबद्दल, हे मला कधी कळलं नाही.

मग पांढरा आला. कितीतरी महिने त्याचे फोटो माझ्या लॅबपेक्षा वाईट निघायचे. मी रोज चहाला जायचो आणि फार आस्थेनं पाहायचो. ब्रोमाइड थोडं कमी, सोडा थोडा जास्त, असं चिमटी-चिमटीनं तो पुढं सरकत राहिला. आणि एका दुपारी त्यानं एक फोटो माझ्यासमोर ठेवला. दोरीवर वाळत घातलेली बहिणीची साडी, बाजूला कडुलिंब, मागं मातीची भिंत. पांढरा पांढरा होता. निळसर नाही, हिरवट नाही, धुतलेल्या सुताचा पांढरा. भिंत भिंतीसारखी होती. मी म्हटलं, "बरा आहे." घरी गेलो आणि बायकोशी विनाकारण भांडलो.

त्यानंतर बौद्ध वस्तीतली लग्नं माझ्या हातातून गेली. तायडे पैसे घ्यायचा नाही, फक्त रोलचा खर्च. मग इतरांचीही जायला लागली. मग डिजिटल आलं आणि सगळ्यांचीच गेली, तेव्हा मला जरा बरं वाटलं. फिल्म संपली, तायडेचा पांढरा संपला, आम्ही दोघं सारखे झालो. पण कसलं काय. काही वर्षांनी शहरातल्या पोरांना पुन्हा फिल्मचं वेड लागलं. मोबाइलमध्ये हजार फोटो असलेली ही पोरं छत्तीस फोटोंच्या रोलसाठी जीव टाकायला लागली, आणि त्यांतली एक माझ्याच घरात निघाली. माझी मुलगी पल्लवी.

पोरगी माझी. पण लहानपणापासून रस्ता ओलांडून पलीकडे. खडूच्या रेघेवर पाय सोडून बसणारी. मी तिला म्हटलं, बेटा, आपल्याकडं तयार औषध आहे, मोठ्या कंपनीचं, कागदावर चित्रं आहेत. तर म्हणाली, "बाबा, तुमच्या फोटोत सगळे सारखेच दिसतात. बिस्किटाच्या पुड्यावरच्या लेकरावानी. काकाच्या फोटोत माणूस जळगावचा आहे हे समजते."

मी हे तायडेला सांगितलं. वाटलं होतं, निदान लाजेल. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं. विकतचं वाईट नसते गजाभाऊ. फक्त त्याले आपण कोण ते माहीत नसते."

हे वाक्य घशात अडकल्यानं मी एक दिवस सरळ त्यालाच विचारलं, "तुझं औषध सांग." मला वाटलं होतं लपवेल. लपवलं असतं तर किती बरं झालं असतं. त्यानं दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबवून, बोटं मोडत, सगळं सांगितलं. हे इतकं, ते तितकं, हे आधी, ते मागून, आणि पाणी लिटरभर. मी सगळ्या भुकट्या मिळवल्या. आणि त्याच्यापेक्षा सरस करायचं म्हणून, तो गल्लीतल्या हापशीचं खारं पाणी उकळून, फडक्यातून गाळून घ्यायचा, तर मी थंडगार जारचं शुद्ध पाणी विकत आणलं. हापशीच्या ज्या पाण्यात दूध घातलं की चहा फाटतो, साबण घातला की फेस रुसतो, त्यात हा रंग करतो. मग माझा तर स्वर्गातला येईल.

माझा जांभळा आला. पांढरी भिंत जांभळी. कॉम्प्युटरवर भिंत पांढरी केली की माणसं हिरवी; माणसं माणसात आणली की भिंत पुन्हा वांग्यासारखी. मी ती फिल्मची पट्टी ड्रॉवरमध्ये तळाशी टाकली आणि एका गोष्टीनं मनाला फार शांतता लाभली. तायडेनं काहीतरी लपवलं. सगळं सांगितल्याचं नाटक करून नेमकी एक चीज गिळली. माणूस कपटी आहे. इतकी वर्षं मला त्याच्यात एकही दोष सापडला नव्हता. आता हा एवढा मोठा मिळाला. मी तो जपून ठेवला, आणि रोज संध्याकाळी थोडा थोडा काढून चघळायचो.

मग त्याचा मुलगा पुण्यात स्थिरावला आणि आईबापाला घेऊन गेला. तायडेनं दुकान पुतण्याला दिलं, गोट्या पोरांना वाटल्या, आणि बाटल्या-भुकट्या घेऊन गेला. गल्लीनं पाणावल्या डोळ्यांनी निरोप दिला. माझे डोळे कोरडे होते. समोरचं दुकान रिकामं पाहून मला वाटलं, आता या गावात रंगाचा माणूस एकच उरला.

आणि पल्लवीचं लग्न ठरलं.

तिची अट एकच. बाकी फोटो कोणी काढो, मोबाइलवर काढो, ड्रोन उडवो. पण एक रोल बाबांनी काढायचा आणि तो तायडेकाकांनी धुवायचा. मी म्हटलं, मी का नाही धुवायचा? तिनं आईकडे पाहिलं. तिची आई, शोभा, बोलली, "तुम्ही धुवा, पण मंग हळद पोपटी निंघाली तर पोरीले काय सांगता? लग्न पुन्हा लावता काय?"

म्हणजे माझ्या मुलीच्या हळदीचा पिवळा, तिच्या शालूचा लाल, निघताना तिच्या तोंडावर जे काही असेल ते, सगळं मी टिपायचं, आणि पेटीची किल्ली पुण्याला पाठवायची. मी हो म्हटलं. बापाला लग्नघरात दुसरा शब्द येत नाही.

लग्नाला आठवडा होता तेव्हा पुण्याहून फोन आला. दुपारची वेळ. तायडेचा आवाज मी ओळखलाच नाही, इतका हलका.

"गजाभाऊ, पल्लवीले सांगजो, रोल पाठवू नको म्हणा."

"काऊन?"

"मले जमून नाही राह्यलं. चार रोल पाहले धुऊन. पांढरा येतच नाही. जांभळा येते. सगळं तेच आहे बे, माप तेच, हात तोच. वय झालं वाटते. हात गेला माझा."

 माझ्या आयुष्यातला सर्वात सुंदर फोन होता तो.

"तू तुह्या डब्यातल्या औषधात धुऊन टाक," तो म्हणाला. "चांगलं असते ते. भरवशाचं असते." मग बळेच गप्पा मारल्यासारखा म्हणाला, "बाकी पुणं चांगलं आहे. पाणी तर इतकं गोड, गजाभाऊ. चहा फाटत नाही. साबण लावला की बालटीबाहेर फेस. रेखाच्या डाळी एका शिट्टीत शिजून राह्यल्या."

फोन ठेवला आणि मी आधी जेवलो. दुसऱ्यांदा. हॉटेलातून जिलबी आणून खाल्ली. तायडे हरला होता, आपल्या तोंडानं हरला होता, आणि डब्यातलं औषध चांगलं असतं हेही म्हणाला होता. तिसऱ्या जिलबीला माझा हात थांबला. जांभळा.

मी ड्रॉवर उपसला. तळाशी माझी पट्टी होती. खिडकीत धरली, निगेटिव्हचे उलटे रंग मनात सुलटे केले. तीच जांभळी भिंत. तेच माप, तेच औषध. आणि जारचं गोड पाणी.

त्यानं काही लपवलं नव्हतं. त्यालाच ठाऊक नव्हतं. जन्मभर खारं पाणी पिणाऱ्याला खारं लागत नाही. चिमटी-चिमटीनं ब्रोमाइड कमी करत, सोडा वाढवत त्या माणसानं आपलं सगळं औषध त्या हापशीवर बसवलं होतं, आणि माप सांगताना पाण्याचं फक्त 'लिटरभर' म्हटलं होतं. पाणी हाही औषधातला एक जिन्नस आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि जगात हे ओळखू शकणारा माणूस एकच होता, ज्यानं जळून जळून त्याची नक्कल केली होती तो.

आता कोणी म्हणेल, गजानन, तुला देव भेटला, तू तिथल्या तिथं फोन लावला असशील. मी फोन लावला नाही. आठ दिवस तोंड शिवून बसलो. माझा पुठ्ठ्याचा डबा येऊन पडला होता. रोल मी काढणार, मी धुणार, पल्लवी माझे रंग घेऊन सासरी जाणार. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

तायडे आणि रेखावहिनी लग्नाला आदल्या दिवशी आले. हळदीला मी कॅमेरा घेऊन फिरत होतो आणि हा माणूस मांडवाच्या खांबाशी उभा. पूर्वी असता तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला असता, तिकडून घे, सावली निळी आहे. या वेळी काही बोलला नाही. हात खिशात. नखं बघितली, तर स्वच्छ. माझ्या डोळ्यांना ती नखं सहन होईनात. पल्लवी त्याच्याकडे गेली, हळदीचा हात त्याच्या गालाला लावला आणि म्हणाली, "काका, रोल बाबा धुतात म्हणे. चालते. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." आणि माझ्याकडे वळून हसली. ते हसणं बापाला बरं वाटावं म्हणून हसलेलं होतं. मी फोटो काढला. बटण दाबताना मला दिसलं, हिची हळद माझ्या डब्यात बिस्किटाच्या पुड्याची होणार.

माझं मन पालटलं असं कोणी लिहू नये. माझा हिशेब साधा होता. याला हरवायचं होतं तर मला हरवायचं होतं, माझ्या रंगानं. पुण्याच्या नळानं याला हरवलं तर मी कुठे आलो त्यात?

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हापशीवर गेलो. सगळी गल्ली आता जार घेते, त्यामुळं दांडा गंजून लग्नाळू मुलासारखा कुरकुरत होता. मी एकट्यानं इतकं हापसलं की खाली पूर्णा नदीची पातळी उतरली असेल. वीस लिटरची कॅन भरली, खांद्यावर घेतली आणि बसस्टँडवर गेलो. तायडे पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसला होता. मी कॅन आत ढकलली, ती त्याच्या पायांशी टेकली.

"हे काय बे?"

"पाणी."

"पुण्यात पाणी नाही काय?"

"पुण्यात गोड आहे. हे हापशीचं आहे." आणि खिशातून ती जांभळी पट्टी काढून मी त्याच्या हातात दिली.

त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ. "हे तर माझे आहेत वाटते. कुठून आणले?"

"तुझे नाहीत. माझे आहेत. तुझंच औषध, जारच्या पाण्यात."

"कवा केलं?"

"झाले बरेच दिवस."

"आन् सांगतलं नाहीस?"

"तू तरी कुठं सांगतलं, पाणी कोणतं ते?"

त्यानं पट्टी खाली केली. कॅनकडे पाहिलं. ओठ हलत होते. मनातल्या मनात एकेक चिमटी आठवत होता, ब्रोमाइड किती उतरवलं, सोडा किती चढवला. मग त्यानं कपाळावर हात मारला, फार हळू, माशी बसल्यासारखा.

रेखावहिनी पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे मी पुण्यातबी रेघ मारू काय आता?"

"जाड मार," तो म्हणाला. आणि खिडकीतून माझ्यापुढे हात पसरला. "आण तो रोल."

मी रोल दिला. त्यानं तो शर्टाच्या खिशात घातला आणि वरून हात ठेवला. तेवढ्यात कंडक्टर आला. कॅनला पाय लावून म्हणाला, "काका, पुण्याले पाणी घेऊन चालले? याचं हाफ तिकीट काढा लागते."

"काढा," तायडे म्हणाला. "पण खिडकी त्याले द्या."

निगेटिव्ह आणि त्यांचे फोटो महिन्याभरात आले. शोभानं आधी पाहिले, मग पल्लवीनं, मग मी. हळद हळदीची होती. शालू लाल होता, आणि त्याच फोटोत मागं रेखावहिनी आपल्या पांढऱ्या लुगड्यात उभ्या होत्या, तो पांढरा पांढराच होता. हळदीच्या फोटोत पल्लवीचं ते हसणं, बापाला बरं वाटावं म्हणून हसलेलं, तेसुद्धा जसंच्या तसं आलं होतं. तेवढं नसतं आलं तरी चाललं असतं. पल्लवी म्हणाली, "बाबा, तुमचा सगळ्यात चांगला रोल." काढला मी होता, हे तिला माहीत होतं. तरी मला समजत होतं ती कोणाचं कौतुक करते आहे.

दिवाळीच्या आधी पुण्याहून मुलाचा फोन आला. तायडे गेला होता. बाल्कनीत कॅन अजून आहे, म्हणाला, तळाशी थोडं उरलंय, आई कोणाला हात लावू देत नाही.

मला तो आठवतो तो त्या गाडीतला. ड्रायव्हर गाडी मागं घेत होता, मी खाली उभा होतो. त्यानं कॅनचं झाकण फिरवलं, झाकणातच थोडं पाणी ओतलं, आणि चव सोडून सगळं करा म्हणणाऱ्या त्या माणसानं ते तोंडात घेतलं. डोळे मिटले. तोंडात घोळवलं. मग गिळलं, आणि खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाला, "खारं आहे बे." दुसरा कोणी अमृत गोड आहे म्हणेल तसं.

तेच पाणी मी घरी येऊन प्यालो. त्यानंतरही कितीदा प्यालो. मला कधी तसं तोंड करता आलेलं नाही.